कळत नाही, असे देवापुढे म्हणता येते

श्रीरामपूर तालुक्यातील एका वाचक भगिनींचे पाच पानांचे पत्र आले आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा होता. त्याला रक्ताचा कर्करोग निघाला आणि १४ महिन्यांत तो गेला. मंडळीने उपास-प्रार्थना केली, साखळी प्रार्थना केली. बाहेरगावाहून आलेल्या एका प्रचारकांनी तर तो बरा झालाच आहे, असे सर्वांसमोर जाहीर केले. त्यानंतर महिन्याभरात आम्ही त्याला कबरस्थानात नेले. आता कोणी म्हणते, तुमचा विश्वास कमी पडला. कोणी म्हणते, देवाला चांगली फुले लवकर हवी असतात. मी पाळकसाहेबांना विचारले, तेव्हा ते म्हणाले की देवाचे मार्ग अगम्य आहेत, अशा बाबतीत प्रश्न विचारू नयेत. मी शब्बाथशाळेत शिकवते. वर्गातल्या १० वर्षांच्या एका मुलीने मला विचारले, 'टीचर, आपण सगळ्यांनी प्रार्थना केली होती ना, मग?' मी गप्प राहिले. मला खरोखरच काही कळत नाही. जिला देवाचे काही कळत नाही, तिने मुलांना शिकवावे का? आई उपासनेला येत नाही. ती दर महिन्याला भावाच्या मोबाईलचे रिचार्ज मात्र न चुकता करायला लावते. तिला मी काय सांगू?"

प्रिय भगिनी,

सप्रेम जय ख्रिस्त.

आपल्या पत्राला उत्तर द्यायला मला तीन आठवडे लागले, कारण पहिले लिहिलेले उत्तर मी फाडून टाकले. त्यात वचने पुष्कळ होती आणि आपला भाऊ कोठेच नव्हता. म्हणून जे निश्चितपणे सांगता येते, ते आधी सांगतो. 'मला कळत नाही' असे म्हणणे पाप नाही आणि तो अविश्वासही नाही. माणसाला देव पूर्णपणे कळू शकत नाही, ही ख्रिस्ती विश्वासाच्या पायातलीच एक शिकवण आहे; अडचणीच्या वेळी पुढे करण्यासाठी कोणी नंतर शोधून काढलेली सबब नव्हे. तेव्हा देवाचे मार्ग अगम्य आहेत, असे जे आपल्याला सांगण्यात आले, ते खरेच आहे. परंतु खरे वाक्यसुद्धा भलत्या वेळी भलत्या माणसाला ऐकवले, की ते छातीवर धोंडा ठेवल्यासारखे होते. ही शिकवण मुळात कोणाला उद्देशून आहे, याचा विचार आपण करावा अशी माझी विनंती आहे. पवित्र शास्त्र वाचताना माझी तरी अशी खात्री होत गेली आहे, की ती रडणाऱ्याला गप्प बसवण्यासाठी दिलेली नाही; जे समजावून सांगायला पुढे सरसावतात, त्यांना आवरण्यासाठी ती दिलेली आहे.

हे मला एका बापाने शिकवले. पाळक म्हणून सेवेत येऊन मला दुसरेच वर्ष होते. आमच्या मंडळीतला ९ वर्षांचा एक मुलगा विहिरीत बुडून गेला, आणि त्याच्या दफनविधीत मी पाऊण तास बोललो. देवाची योजना, विश्वासाची परीक्षा, अग्नीत शुद्ध होणारे सोने, असे सगळे मी क्रमाने आणि तळमळीने मांडले. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा मुलाचे वडील ओट्यावर बसून त्याच्या चपलांना लागलेला चिखल काडीने काढत होते. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "साहेब, काल तुम्ही बोलत व्हता तवा मला वाटलं, देवानं आधी तुम्हाला इचारलं आन मंग पोराला नेलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि दुसरी चप्पल हातात घेतली. त्या दिवशी मी एक शब्दही बोललो नाही, आणि त्या घराशी माझे जे काही नाते पुढे जुळले, ते त्या न बोललेल्या तासाभरामुळे जुळले.

संपत्ती, मुले आणि आरोग्य गमावलेल्या नीतिमान ईयोबाचा जो ग्रंथ पवित्र शास्त्रात आहे, त्यात हीच गोष्ट ४२ अध्यायांत सांगितली आहे. आपण तो पुन्हा वाचाल, तर एकदा फक्त ईयोबाच्या मित्रांकडे लक्ष ठेवून वाचा. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे वाईट माणसे नव्हते. ते दुरून आले, मित्राची दशा पाहून मोठ्याने रडले, त्यांनी आपली वस्त्रे फाडली, आणि सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर एकही शब्द न बोलता बसून राहिले. त्यांचे बिनसले ते आठव्या दिवसापासून, म्हणजे तोंड उघडल्यापासून. देव न्यायी आहे, पापाचे फळ भोगावे लागते, पश्चात्ताप केल्यास तो क्षमा करतो, ही त्यांची वाक्ये सुटी सुटी घेतली, तर त्यातल्या बहुतेकांना शास्त्रात अन्यत्र आधार सापडेल. त्यांची चूक अशी, की देवाविषयी जेवढे त्यांना ठाऊक होते, त्यावरून या एका माणसावर हे संकट का आले याचा हिशेब आपल्याला मांडता येतो, असे ते धरून चालले. इकडे ईयोब मात्र ओरडतो आहे, आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आहे, देवाला न्यायासनासमोर उभे करायला निघाला आहे.

मग अडतिसाव्या अध्यायात परमेश्वर वावटळीतून बोलतो, आणि तो कारण सांगत नाही. पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात सैतानाशी जे संभाषण झाले, ते आपण वाचकांनी वाचलेले असते, पण ईयोबाला ते शेवटपर्यंत कोणीही सांगत नाही. देव त्याला उलट प्रश्न विचारतो. मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास? हिमाची भांडारे तू पाहिली आहेस का? डोंगरातल्या रानबकऱ्या केव्हा वितात, ते तुला ठाऊक आहे का? जेथे एकही माणूस राहत नाही, त्या ओसाड रानावर पाऊस कोण पाडतो? ईयोब आपल्या तोंडावर हात ठेवतो. पुष्कळ उपदेश येथे थांबतात आणि सांगतात की पाहा, प्रश्न विचारणाऱ्याला देवाने कसे गप्प केले. पण पान उलटले पाहिजे. शेवटच्या अध्यायात देव अलीफजाला म्हणतो की तुझ्यावर आणि तुझ्या दोन्ही मित्रांवर माझा कोप भडकला आहे, कारण माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. आणि हे तो एकदा सोडून दोनदा म्हणतो. देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या तिघांना क्षमेसाठी ईयोबाच्या प्रार्थनेची गरज पडते, आणि देवाशी भांडणारा ईयोब यथार्थ बोललेला ठरतो. ईयोबालाही त्याची मर्यादा दाखवली गेली, हे खरे आहे. आपल्याला न कळणाऱ्या गोष्टी आपण बोललो, असे तो स्वतःच कबूल करतो. तरीपण त्याला ती मर्यादा देवाने स्वतः समोर येऊन दाखवली. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दाखवली नाही. आणि ती दाखवून झाल्यावर ईयोब म्हणतो की आजवर मी तुझ्याविषयी कानाने ऐकले होते, आता मी तुला डोळ्यांनी पाहत आहे. त्याने मागितलेले उत्तर मिळाले नाही. ज्याला विचारले, तो मिळाला. (ग्रंथाच्या अखेरीस ईयोबाला पुन्हा १० मुले होतात. तो भाग मला आजही भरभर वाचता येत नाही. गेलेली १० मुले परत आली असे तेथे लिहिलेले नाही, आणि ती विसरली गेली असेही लिहिलेले नाही.)

देवाचे मार्ग अगम्य आहेत, या विधानासाठी सहसा दोन वचने पुढे केली जातात, आणि ती दोन्ही आपण मागच्या-पुढच्या ओळींसह वाचावीत. यशयाच्या ५५व्या अध्यायात परमेश्वर म्हणतो की माझे विचार तुमच्यासारखे नाहीत आणि माझे मार्ग तुमच्यासारखे नाहीत. हे वचन आपण बहुधा दफनाच्या वेळी ऐकतो, त्यामुळे देवाची करणी कठोर असली तरी सोसली पाहिजे, असा त्याचा अर्थ आपल्या मनात बसून गेला आहे. पण त्याच्या अगदी आधीची ओळ अशी आहे, की दुष्टाने आपला मार्ग सोडून परमेश्वराकडे वळावे, म्हणजे तो त्याला भरपूर क्षमा करील. म्हणजे येथे माणसाच्या बुद्धीला जे पेलत नाही, ते देवाच्या दयेचे माप आहे. रोमकरांस पत्राच्या ११व्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की देवाचे न्याय किती गहन आणि त्याचे मार्ग किती अगम्य आहेत. हे उद्गारही, देवाने सर्वांवर दया करावी, असे लिहून झाल्याबरोबर लगेच आलेले आहेत. आणि तेथवर पोहोचायला पौलाला पूर्ण तीन अध्याय झगडावे लागले आहे. त्या तीन अध्यायांची सुरुवात, माझ्या स्वजनांसाठी माझ्या अंतःकरणात अखंड वेदना आहे, अशी होते. पौलाने आधी वेदना सांगितली, मग प्रश्नामागून प्रश्न मांडले, वाद घातला, आणि शेवटी 'अगम्य' हा शब्द त्याच्या तोंडून स्तोत्रासारखा बाहेर पडला. जो शब्द एका माणसाने झगड्याच्या शेवटी उच्चारला, तो दुसऱ्याला झगडा सुरू करण्यापूर्वीच कसा द्यायचा?

'विश्वास कमी पडला' हे जे आपल्याला ऐकवले गेले, त्याविषयी मी अधिक स्पष्ट लिहितो. भगिनी, हे खोटे आहे, आणि ते आपण मनातून काढून टाकावे. पौलाने आपल्या देहातला काटा निघावा म्हणून तीनदा प्रभूची विनवणी केली आणि तो निघाला नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरीस, निरोपाच्या ओळींमध्ये, पौल सहज लिहून जातो की त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मी मिलेतात ठेवून आलो. मी पाळक असताना मला त्या एका ओळीचा फार आधार वाटत असे. ज्याच्या हातून रोगी बरे झाले, त्यालाच आपला सोबती आजारी अवस्थेत मागे ठेवावा लागला, आणि त्याने त्यासाठी त्रफिमाच्या विश्वासाला बोल लावला नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी. तेव्हा येशूने दोन्ही पर्याय नाकारले. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसे मेली, ती इतरांपेक्षा अधिक अपराधी होती, ही समजूतही त्याने मोडून काढली. आणि गेथशेमानेच्या बागेत, हा प्याला माझ्यापुढून टळून जावो, अशी प्रार्थना स्वतः येशूने केली, तेव्हा तो प्याला टळला नाही. त्याचा विश्वास कमी पडला, असे म्हणायला कोणाची जीभ धजेल? आपला भाऊ बरा झालाच आहे, असे जाहीर करणाऱ्या प्रचारकांविषयी सांगायचे तर, पवित्र शास्त्रातील 'अनुवाद' नावाच्या ग्रंथाच्या १८व्या अध्यायात लिहिले आहे की संदेष्ट्याने परमेश्वराच्या नावाने सांगितलेली गोष्ट घडली नाही, तर ते बोल परमेश्वराचे नव्हेत, तो उन्मत्तपणे बोलला, त्याची भीती बाळगू नये. देवाच्या मनातले आपल्याला ठाऊक आहे, असे त्या दिवशी त्यांनी म्हटले. आपण तसे म्हटलेले नाही. ज्ञानाची मर्यादा ओलांडली असेल, तर ती कोणी, हे आपणच पाहा.

आता आपण ज्या प्रश्नाने हैराण झाला आहात त्याकडे येतो: जिला देवाचे काही कळत नाही, तिने मुलांना शिकवावे का? उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन (इ.स. ३५४ ते ४३०) यांनी एका प्रवचनात आपल्या श्रोत्यांना सांगितले होते, की जर तुला तो कळला असेल, तर तो देव नव्हे. हे वाक्य पुष्कळांना माहीत असते, परंतु त्याच प्रवचनात ते पुढे जे म्हणतात, ते आपल्या अधिक उपयोगाचे आहे: मनाने देवाला थोडासा स्पर्श करता येणे हे मोठे भाग्य आहे, आणि त्याला पूर्णपणे कवेत घेणे सर्वस्वी अशक्य आहे. स्पर्श आणि कवेत घेणे, यांतला हा फरक आपल्या मराठीतही आहे. 'आकळणे' या आपल्या जुन्या शब्दात कळणेही आहे आणि मुठीत धरणेही आहे. देव आकळत नाही, याचा अर्थ तो मुठीत येत नाही. त्याला हातच लागत नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. आपल्या धर्ममतांची रचनाही हीच जाणीव ठेवून झालेली आहे. इ.स. ४५१ मध्ये खाल्कीदोन येथे भरलेल्या परिषदेने ख्रिस्ताचे देवत्व आणि मनुष्यत्व एकत्र कसे नांदते, याचे स्पष्टीकरण दिलेच नाही. मिसळण नाही, पालट नाही, फाळणी नाही, विलगता नाही, अशा चार नकारांचे कुंपण तिने घातले आणि आतली जागा तशीच राखून ठेवली.

मग कळते तरी काय, असे आपण विचाराल, आणि ते विचारलेच पाहिजे. नाहीतर 'देव अगम्य आहे' या वाक्याखाली कोणीही काहीही खपवील. त्याच 'अनुवाद' ग्रंथाच्या २९व्या अध्यायात ही सीमा आखून दिली आहे: गुप्त गोष्टी परमेश्वराच्या स्वाधीन आहेत, प्रकट केलेल्या गोष्टी मात्र आपल्या आणि आपल्या मुलाबाळांच्या आहेत. देवाला चांगली फुले लवकर हवी असतात, हे कोठेही प्रकट केलेले नाही. ते माणसांनी मायेपोटी रचलेले वाक्य आहे, आणि त्यातून उभा राहणारा देव बागेत शिरून फुले खुडणाऱ्या मुलासारखा दिसतो. जे प्रकट केलेले आहे, ते योहानाने शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात लिहिले आहे, की देवाला कोणीही कधी पाहिलेले नाही, पुत्राने त्याला प्रकट केले आहे. म्हणून आपल्याला पाहायला मिळतो तो पुत्र, आणि तो आपला मेलेला मित्र लाजर याच्या कबरेपाशी काय करतो ते पाहा. थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार, हे त्याला ठाऊक आहे. शोकाचे कारण लवकरच उरणार नाही, हे त्याच्याइतके कोणालाच कळत नाही. तरी तो लाजराची बहीण मरिया हिला समजावून सांगत बसत नाही. येशू रडला, एवढेच तेथे लिहिले आहे. आणि वधस्तंभावर तो ओरडतो, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे २२व्या स्तोत्राचे शब्द आहेत. त्या 'का'ला आकाशातून उत्तर आल्याचे मत्तय लिहीत नाही, मार्कही लिहीत नाही. आपला प्रश्न आणि तारणाऱ्याचा प्रश्न एकच आहे. तेव्हा तो विचारल्याने आपण विश्वासाच्या बाहेर गेलात, असे कोणीही म्हणू शकत नाही. आपल्या भावाला हा आजार का झाला, ते मला माहीत नाही, आणि या जगात ते कोणाला माहीत होईल, असे मला वाटत नाही. पण देव त्याच्या मरणाकडे पाठ करून बसला होता, असेही आता म्हणता येत नाही, कारण वधस्तंभ आपल्यासमोर आहे. मर्यादा दोन्ही बाजूंनी बांधते. देवाने अमुक कारणाने त्याला नेले, असे म्हणण्याची आपल्याला मुभा नाही, आणि देवाला त्याचे काही वाटले नाही, असे म्हणण्याचीही नाही.

या ठिकाणी मला पंडिता रमाबाईंची आठवण होते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर चेल्टनहॅम येथे शिकत व शिकवत असताना त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हा, सिद्धान्त त्यांच्या मनाला पटेना. चर्च सांगते म्हणून मान्य करा, हे त्यांनी ऐकले नाही. तेथील महाविद्यालयाच्या प्राचार्य डोरोथिया बील यांच्याशी आणि आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांनी दीर्घ पत्रव्यवहार केला, आणि तो आज छापील स्वरूपात वाचायला मिळतो. पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त, तो सापडलेला नव्हता. त्यांचे प्रश्न वादाने संपले, असे त्या म्हणत नाहीत. ज्याच्यावर विसंबायचे, तो त्यांना भेटला. आणि त्यांच्या वाट्याला आलेले मृत्यू पाहा: दुष्काळात आई, वडील आणि बहीण, मग भाऊ, लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती तोवर पती, आणि शेवटी १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. त्यानंतर वर्षाच्या आतच, एप्रिल १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत आणण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे चालवले होते; म्हणजे ईयोबाच्या तोंडच्या प्रत्येक तक्रारीला या बाईंनी एकेक मराठी शब्द शोधून दिला. त्यांना सगळे कळले होते म्हणून त्यांनी ते केले, असे मला वाटत नाही.

तर, वर्गातल्या त्या मुलीला उत्तर द्या. आपण गप्प राहिलात, त्यात चुकले काही नाही, पण मूल त्या गप्प राहण्याचा अर्थ स्वतःच लावते, आणि तो बहुधा असा असतो, की हा प्रश्न वाईट होता. तिला जवळ घेऊन सांगा, "मलाही हाच प्रश्न पडला आहे. मी देवाला तो रोज विचारते. मला अजून उत्तर मिळालेले नाही." एवढे पुरे आहे. ती पुढे विचारील की मग प्रार्थना कशाला करायची. तेव्हा तिला सांगा की आपल्याला काय हवे ते आपण देवाला सांगतो, जसे तू आईला सांगतेस, आणि दुःखाच्या वेळी तो आपल्याला सोडून जात नाही, यावर आपण भरवसा ठेवतो. मामा किंवा दादा झोपी गेला, असे लहान मुलांना सांगू नका. मुले मग झोपायला घाबरतात. देवाने त्याला नेले, असेही तिच्यापुढे म्हणू नका; पुढे कोणाला नेणार, या विचाराने ती रात्रभर जागी राहील. तो मेला, आपल्याला फार वाईट वाटते, येशू मेलेल्यांतून उठला म्हणून आपल्याला आशा आहे, असे साध्या शब्दांत सांगा. शब्बाथशाळा सोडू नका. वर्गात आवाज दाटून येत असेल, तर दोन महिने कोणाला तरी सोबत घ्या, किंवा विश्रांती घ्या. तो थकवा आहे, अपात्रता नव्हे. झोप आणि भूक बरेच दिवस उडाली असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

पाळकसाहेबांकडे पुन्हा एकदा जावे, असे मी सुचवतो. त्यांनी आपल्याला दुखवले, पण तसे करताना त्यांना स्वतःला काय बोलावे ते सुचत नसेल, हे मी अनुभवाने सांगू शकतो. या वेळी त्यांच्याकडे स्पष्टीकरण मागू नका. एका रविवारी उपासनेत भावाचे नाव घेऊन त्यांनी एवढेच म्हणावे, अशी विनंती करा: "प्रभो, आम्ही याच्यासाठी मागितले होते, आणि आम्हाला ते मिळाले नाही." ज्या मंडळीने एकत्र मागितले, तिने हेही एकत्र म्हटले पाहिजे. त्याशिवाय ते सगळे ओझे आपल्या एका घरावर राहते.

आपण पत्राच्या शेवटी लिहिले आहे, की हे सगळे स्वीकारायचे म्हणजे नेमके काय करायचे. मला १३१वे स्तोत्र आठवते, ते अवघ्या तीन ओव्यांचे आहे. स्तोत्रकर्ता म्हणतो की माझ्या आवाक्याबाहेरच्या थोर गोष्टींत मी पडत नाही, आणि मग स्वतःच्या जिवाची तुलना आईजवळच्या, दूध तोडलेल्या मुलाशी करतो. अंगावर पिणाऱ्या मुलाशी नव्हे, हे ध्यानात घ्या. आपण खेड्यातल्या आहात, तेव्हा मूल तोडताना घरात काय होते, ते आपण पाहिले असेल. आई अंगाला कडुनिंबाचा पाला वाटून लावते, मूल तोंड लावते आणि किंचाळते, चार-सहा रात्री घरात कोणाला झोप लागत नाही, आणि मुलाला तर काहीच कळत नाही, की कालपर्यंत गोड असलेली आई आज कडू का झाली. मग एके दिवशी ते त्याच मांडीवर येऊन बसते आणि काही मागत नाही. त्याला कारण समजलेले नसते. त्या चार-सहा रात्री वगळून कोणालाही तेथे पोहोचता येत नाही, आणि आपल्या त्या रात्री अजून चालू आहेत. म्हणून आपण स्वीकार करण्याची घाई करू नये, आणि कोणी घाई करायला लावली, तर ऐकू नये.

आई उपासनेला येत नाही, तर तिला आग्रह करू नका. तिची इच्छा असेल, तर पाळकसाहेब प्रभुभोजन घरी आणू शकतील. ते तिने नको म्हटले, तर तेही राहू द्या. मंडळीतल्या ज्या दोन-तीन बायांशी तिचे जमते, त्यांना मात्र येऊन बसायला सांगा, आणि त्यांनी बोलू नये, तांदूळ निवडावेत, शेंगा फोडाव्यात, असे आधीच सांगून ठेवा. तिने कधी शास्त्र वाचायला सांगितलेच, तर ८८वे स्तोत्र वाचा. ते रात्रंदिवस केलेल्या आक्रोशाने सुरू होते आणि अंधारातच संपते. त्याच्या शेवटी दिलाशाची ओळ जोडावी, असे कोणालाही वाटले नाही, आणि तरीही पिढ्यान्‌पिढ्या ते प्रार्थना म्हणूनच वाचले गेले आहे. आई ऐकेल, आणि आपल्यासारखे आधी कोणी बोलले आहे, हे तिच्या ध्यानात येईल.

राहिले रिचार्ज. तिला काय सांगू, असे आपण विचारता. काही सांगू नका. तो नंबर बंद पडू नये, असे तिला वाटते, आणि त्याला सध्या आपल्याजवळ उत्तर नाही. पुढच्या महिन्याची तारीख आपणच लक्षात ठेवा आणि तिने म्हणण्याआधी ते करून टाका. झाल्यावर तिला फोन दाखवा.

प्रभूमध्ये आपला,
एक निवृत्त पाळक